गगनराव पाया पडतो

"पुढच्या अंकात गगनराव मेघचोराच्या पाया पडला पाहिजे," दौलतदादा म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघं ओळीनं बसलो होतो. छापखान्याचे मालक उपळेकरकाका, माझे वडील तातोबा पेंटर आणि मी. आबा खरं तर बसलेच नव्हते, खुर्चीच्या कडेला नुसते टेकले होते. दादांच्या समोर त्यांना पूर्ण खुर्ची कधी वापरता आली नाही. समोरच्या टीपॉयवर आमच्या चित्रकथेचा ताजा अंक पडला होता, 'गगनराव आणि मेघचोर'. मुखपृष्ठावर पंख पसरलेला गगनराव ढगांतून खाली झेपावत होता आणि खाली हातात भलंमोठं कुलूप घेऊन मेघचोर हसत होता.

"म्हणजे कसं दादा?" उपळेकरकाकांनी विचारलं.

"अहो, सगळा तालुका म्हणतोय की हा मेघचोर म्हणजे मीच. स्टँडवर माझी जीप थांबली की कार्टी ओरडत्यात, ढगाला कुलूप लागलं रे, मेघचोर आला." दादा हसले. ते नेहमीच हसून बोलायचे. "आता मी तुमचं पुस्तक बंद पाडलं तर लोक म्हणतील, दादाला झोंबलं. त्यापेक्षा असू दे की. मीच मेघचोर. पण मग तुमचा तो गगनराव माझ्या पायावर डोकं ठेवताना पोरास्नी दिसू दे. पुस्तकाच्या वरच, तोंडावर. माझ्या वाढदिवसाला तालुक्यातल्या सगळ्या शाळांची पोरं मैदानावर येणार हायत. मी माझ्या हातानं वाटतो."

दौलतराव शिंगटे साखर कारखान्याचे चेअरमन होते. कालव्याचं पाणी कुठल्या गावाला आधी सुटणार, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. उपळेकरकाकांचा छापखाना कारखान्याच्या पावत्या आणि अहवालांवर चालायचा, आणि आमचं घर दादांच्या फलकांवर. दर वाढदिवसाला चौकाचौकांत त्यांचे आठ-दहा फुटी फलक लागायचे, ते सगळे आम्ही रंगवायचो. तेव्हा व्हरांड्यात 'नाही' म्हणणारं कुणी बसलेलं नव्हतं, हे दादांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

"होईल दादा, होईल," उपळेकरकाका म्हणाले. आबांनी बसल्या जागी हात जोडले.

माझ्या तोंडून मात्र एक शंका निघालीच. "पाया पडताना त्याच्या पंखांचं काय करायचं? माणूस कमरेत वाकला की पाठीवरचे पंख वर उभे राहतात. ते वाकल्यासारखं दिसायचं नाही."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. बशीतला शेवटचा घोट घेतला, मिशा पुसल्या.

"मग कापा की," ते म्हणाले.

*

गगनराव कोण होता ते सांगायला हवं, कारण आता तो ठाऊक असलेली माणसं पन्नाशीला आली.

गगनराव दिवसा एसटीचा कंडक्टर. खाकी सदऱ्याच्या आत त्यानं पंख घडी करून बसवलेले, त्यामुळे पाठ जराशी फुगलेली. प्रवाशांना वाटायचं, बिचाऱ्याला पोक आलंय. संकट आलं की तो घंटीची दोरी दोनदा ओढायचा, दारातून बाहेर उडी टाकायचा आणि सदरा फाडून पंख उघडायचा. 'दर अंकाला एक सदरा फाटतो, एवढे सदरे डेपो देतो का त्याला?' असं एका वाचकानं पत्रानं विचारलं, तेव्हापासून मी त्याच्या सदऱ्याला पाठीवर बटणं दाखवू लागले. घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी त्यानं मागून धरून आडवी थांबवली होती. पुराच्या पाण्यावरून बाळंतिणीला बाजेसकट दवाखान्यात पोचवलं होतं. देवळातली घंटा चोरणाऱ्यांना त्याच घंटेत कोंबून चावडीपुढे आणून टाकलं होतं. गोष्टी उपळेकरकाकांच्या, चित्रं माझी. दर महिन्याला एक अंक, मुखपृष्ठ रंगीत, आतली पानं काळी-पांढरी. काका म्हणजे एरवी तीन वाक्यं धड न बोलणारा भित्रा माणूस, पण गोष्ट लिहायला बसला की एसटी उचलून धरायचा.

आणि दादांचा चेहरा त्यात आला कसा? त्यात कुणाचा डाव नव्हता. आमच्या धंद्याची रीतच तशी होती. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी फलकावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. कोट, धोतर, हार आणि अक्षरं आबांची, चेहरा माझा. चेहऱ्यात माझा हात बसला होता. दादांचा चेहरा मी इतक्या वेळा रंगवला होता की पुढे पुढे मला फोटो लागायचा नाही, चौकटीही लागायच्या नाहीत. उजवी भुवई किंचित वर, गालावरचा मस, खालच्या ओठाची ती गोड घडी. काकांनी गोष्टीत लिहिलं होतं, 'मेघचोर. धिप्पाड, रुबाबदार, तोंडात साखर.' मी पेन्सिल टेकवली आणि हाताला ठाऊक असलेला मोठा माणूस कागदावर उतरला. काकांनी तो पाहिला, आबांनीही पाहिला, कुणाला काही वाटलं नाही. आम्ही तो चेहरा इतका पाहिलेला होता की तो कुणाचा आहे हे आम्हाला दिसायचंच बंद झालं होतं. स्टँडवरच्या पोरांना दिसलं.

*

दोन दिवसांत उपळेकरकाका नवी गोष्ट घेऊन घरी आले. कागद माझ्या पुढ्यात ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाचू लागले. गगनरावाला कळतं की आपला गैरसमज झाला. मेघचोरानं ढगांना कुलूप लावलं होतं ते लोकांच्याच भल्यासाठी, पाणी वाया जाऊ नये म्हणून. गगनराव त्याच्या पायांवर लोळण घेतो. मेघचोर मोठ्या मनानं कुलूप उघडतो. समाप्त.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"हस्ताक्षर माझंच आहे."

"गगनराव असं करेल?"

"अगं शालन, गगनराव कागदाचा आहे," काका चिडून म्हणाले. "त्याला ना घर, ना दार, ना पोट. मला छापखान्यात चार माणसं आहेत. तुझ्या आबांना दम्याची औषधं लागतात. कागदाच्या माणसानं कागदाच्या पायावर डोकं टेकलं तर कुणाचं काय झिजतं?"

"कागदाचाच आहे, तर मग दादांना कसा काय झोंबला?"

काकांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवले. ते आबांकडे वळले. "तातोबा, तुम्ही सांगा हिला."

आबा ओसरीवर ब्रश धूत बसले होते. रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवायचे, फडक्यानं पुसायचे, पुन्हा बुडवायचे. "मी काय सांगू?" ते म्हणाले. "मी तर दरसाल पडतोय. फलक लागले की जायाचं, पाया पडायचं, नारळ घ्यायचा. काय मेलो न्हाई त्येनं."

मला आबांचा राग आला. त्यांच्यावर रागावता येत नाही, याचा त्याहून जास्त आला. लहानपणापासून मी त्यांना त्या पायांपुढे वाकताना पाहत आले होते आणि दरवेळी त्या वेळेला मी दुसरीकडे बघायचे. गगनराव पहिल्यांदा काढला तेव्हा मला एवढंच हवं होतं, की तालुक्यात एक तरी माणूस असा असावा ज्याला कुणापुढे वाकायचं कारण नाही. मग तो कागदाचा का असेना. तो वाकला की मग कुणीच उरत नव्हतं.

"काढते," मी म्हणाले. "गोष्ट ठेवून जा."

काका सुटल्यासारखे उठले आणि चपला उलट्या-सुलट्या घालून गेले.

*

काढते म्हणाले खरी, पण हात चालेना. सकाळी उजेडाला बसायचे आणि दुपारपर्यंत कागद फाडून टाकायचे. गगनराव गुडघे टेकायचा, पाठ वाकवायचा, पण ते पंख. घडी घातली तर ओझं वाहणाऱ्या हमालासारखा दिसायचा, पसरले तर पडलेल्या तंबूसारखा. आणि पंख कापायला माझा हात धजत नव्हता. एकदा खोडरबर लावून पाहिलं, डाव्या पंखाचं टोक पुसलं आणि उठून पाणी प्यायला गेले.

शेवटी मी आबांना म्हटलं, "आबा, जरा पाया पडून दाखवा. मला नुसतं मनानं जमेना."

"कुणाच्या?"

"माझ्या. मी उभी राहते."

"खुळी का काय? पोरीच्या पाया पडून मला पाप लागंल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दारातल्या आपल्या चपला उचलल्या आणि मधल्या पाटावर जोडीनं ठेवल्या. "ह्ये दादा समज."

मग माझ्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि स्वतःच्याच झिजलेल्या चपलांसमोर गुडघे टेकले. मला हसू आलं. आबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. चित्रासाठी उभं राहायचं तर नीट राहायचं, हा त्यांचा बाणा.

"बघ. आधी गुडघं. मग आंग फुडं न्ह्यायचं. हात असं दोन्हीकडनं, घोट्यापाशी. नुसतं बोटं लावून भागत न्हाई, मोठ्या माणसाला वाटलं पायजे की ह्येनं धरल्यात. मग डोस्कं. दादा आपले नुसते हुबे ऱ्हात्यात. खाली बघत बी न्हाईत."

"खाली बघत नाहीत?"

"कशाला बघतील? त्येंला ठावं असतंय, खाली कोण तरी हाय."

मी पेन्सिल थांबवली. आबा चपलांवर वाकलेले, पाठीची कमान झालेली, पाय मागे रोवलेले, हात दोन्ही बाजूंनी घोट्यापाशी. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. तिथे पंख असते तर ते कसे राहिले असते ते मला दिसलं. ते पडलेल्या तंबूसारखे नव्हतेच.

"आबा, असंच थांबा."

"लवकर कर. गुडघं दुखायलेत."

मी काय पाहिलं ते त्यांना सांगितलं नाही. आठवडाभरात सगळी पानं पुरी केली. जेवायला उठायचे तेवढीच.

*

उपळेकरकाकांनी पानं छापखान्यातल्या टेबलावर घेतली आणि एकेक उलटत गेले. पहिलं पान, दुसरं, तिसरं, त्यांनी लिहिलं होतं तसंच. मान डोलावत होते. मग एका पानावर थांबले. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. पुढचं पान पाहिलं. मग उठून दार लोटून आले.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही."

"हे छापलं तर माझा छापखाना राहत नाही, शालन."

"मग छापू नका. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. कोल्हापुरात पुष्कळ आहेत चित्रं काढणारे. मी काढणार नाही, एवढंच सांगायला आलेय."

ते पानं पुढे-मागे करत राहिले. मला वाटलं आता ते गठ्ठा बांधून परत देतील, आणि खोटं कशाला सांगू, मनातून मला भीतीही वाटत होती. आबांच्या औषधांची, घराची, सगळ्याचीच.

"या फुग्यात काहीच लिहिलेलं नाही," काका म्हणाले. ते त्याच पानावर होते.

"तिथे गगनराव बोलतो. त्याचं बोलणं तुमचं काम आहे."

त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मग वाकून त्या रिकाम्या फुग्यात तीन शब्द लिहिले, मला वाचायला दिले आणि हसू लागले. असे हसले की खोकला लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मुखपृष्ठ आधी दादांना दाखवून घे," डोळे पुसत ते म्हणाले. "लपूनछपून नको. मग मी यंत्रावर चढवतो."

मुखपृष्ठ मी दादांच्या हुकुमाप्रमाणेच केलं होतं, रंगीत, ठसठशीत. मधोमध मेघचोर उभा, मान ताठ, नजर लांब. त्याच्या पायांवर गगनराव वाकलेला. वर ठळक अक्षरांत 'गगनराव पाया पडतो'. अक्षरं आबांनी घातली होती.

दादा ते हातात धरून बराच वेळ पाहत होते. खूश झाले. मग भुवई वर गेली.

"पंख ऱ्हायलं की."

"दादा, पंख कापले तर तो गगनराव आहे हे ओळखायचं कसं? पोरं म्हणतील दुसराच कुणीतरी पडलाय पाया. पंखवाला पडला तर त्यात तुमचा मोठेपणा."

दादांनी विचार केला. "हुशार हायस," ते म्हणाले. "तातोबाची पोरगी शोभत न्हाईस."

ते शब्द मी गिळले. काखेतली पिशवी पुढे केली. "आतली पानंही आणलीत. बघता का?"

पिशवीची गाठ मी सोडलीसुद्धा होती. त्यांनी पाहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण फसवलं असं त्यांनी मला कधी म्हणू नये, एवढा हट्ट माझ्यातही होता.

"आतलं पोरांसाठी," दादा म्हणाले. "मला काय करायचंय त्येचं?"

*

वाढदिवसाला हायस्कूलच्या मैदानावर मांडव घातला होता. कारखान्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून गावोगावची पोरं आणून रांगांनी बसवली होती. चारी बाजूंनी आमचे फलक. फलकांवरचे दादा हात जोडून चहूकडून स्वतःकडेच बघत होते. आम्ही तिघं मांडवाच्या एका खांबापाशी उभे होतो. आबा नारळासाठी दरवर्षी यायचे तसे धुतलेला सदरा घालून आले होते. आत काय आहे ते मी त्यांना अजूनही सांगितलं नव्हतं. ते सुखानं झोपत होते, तेवढं तरी राहू दे असं वाटलं होतं.

दादांनी पहिल्या रांगेतल्या पोरांना स्वतःच्या हातानं अंक दिले, गाल कुरवाळले, फोटो काढून घेतले. बाकीचे शिक्षकांनी वाटले. मग दादा स्टेजवर जाऊन बसले आणि भाषणं सुरू झाली. एक पाहुणे दादांच्या दानशूरपणाबद्दल बोलू लागले.

पोरं भाषण थोडीच ऐकतात? ती वाचत होती. मैदानभर पानं उलटल्याचा आवाज येत होता. मुखपृष्ठ बघून सगळ्यांची तोंडं आंबट झाली होती. दुसऱ्या रांगेतल्या एका पोरीनं तर अंक उघडलाच नाही, मांडीखाली सारला. गगनराव हरला म्हणजे तिच्या लेखी विषय संपला. मला ती इतकी आवडली.

मग कुठूनतरी एक पोरगं फिस्सकन हसलं.

आत काय होतं ते आता सांगते. मेघचोर म्हणतो, पड पाया. गगनराव टोपी काढून खिशात घालतो. गुडघे टेकतो, अंग पुढे नेतो, हात दोन्ही बाजूंनी घोट्यापाशी. मेघचोर समोर बघतोय, खाली बघतच नाही. पान उलटलं की तेच चित्र मोठं होऊन पूर्ण पानावर. गगनरावानं दोन्ही घोटे गच्च धरलेत, मागे रोवलेल्या पायांनी जमीन सोडलीय, पंख दोन्हीकडे पानाच्या कडांपर्यंत पसरलेत. घार फांदीवरून उडताना आधी खाली वाकते, तसाच तो वाकला होता. आणि मेघचोर डोकं खाली, पाय वर, गावाच्या वर टांगलेला, धोतर तोंडावर आलेलं, खिशांतून ढगांच्या कुलपांच्या किल्ल्या पावसासारख्या खाली गळतायत. आणि उपळेकरकाकांच्या त्या फुग्यात गगनराव नेहमीच्या कंडक्टरी आवाजात विचारतोय, "तिकीट कुठलं देऊ?"

हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. ज्यांचं पान पुढे होतं ते शेजाऱ्याला पान दाखवू लागले. मांडीखाली अंक सारलेल्या त्या पोरीनं तो ओढून काढला, पान शोधलं आणि उभी राहून नाचू लागली. शिक्षक 'शांत बसा' म्हणत फिरले, वाकून अंकात डोकावले आणि तोंडावर रुमाल धरून लांब गेले. पाहुणे दानशूरपणावर थांबले. सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "तिकीट कुठलं देऊ?"

दादांनी कुणाच्या तरी हातून अंक ओढून घेतला. पहिल्यांदाच उघडला. मग स्टेजवरून उतरून ते सरळ आमच्याकडे आले. ते आता हसत नव्हते.

"शालन, ह्ये काय?"

"तुम्ही सांगितलंत तेच, दादा. गगनराव पाया पडलाय."

"आणि त्येच्या फुडं?"

"पुढचं त्याचं त्यानं केलं. पंख ठेवायला तुम्हीच हो म्हणालात."

मी खाली पाहिलं नाही. उपळेकरकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्यासाठी ते एसटी उचलण्यासारखंच होतं.

दादांनी आमच्या दोघांवरून नजर काढली आणि आबांकडे पाहिलं. त्यांना बरोबर ठाऊक होतं कुठे दाबलं की दुखतं ते. "तातोबा, माझं मीठ खाल्लंस आणि पोरीला ह्ये शिकवलंस? माफी माग. हितं, सगळ्यांम्होरं. धर पाय."

मैदान गप्प झालं. पोरांना सगळं समजलं नसेल, पण म्हाताऱ्या माणसाला दटावतायत एवढं कळलं. आबांनी एक अंक हातात घेतला होता. ते पान त्यांच्यासमोर उघडंच होतं. त्यांनी ते बघितलं, अंक मिटून माझ्या हातात दिला. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली.

आबा वाकले. आधी गुडघे. मग अंग पुढे. मग दोन्ही हात दोन्हीकडून घोट्यापाशी चालले.

आणि दौलतदादा टुणकन मागे सरले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खाली पाहिलं होतं. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग त्या नाचऱ्या पोरीनं घसा ताणून विचारलं, "तिकीट कुठलं देऊ?" आणि मैदान फुटलं. पोरं, शिक्षक, ट्रॉल्यांचे ड्रायव्हर, स्टेजवरचा तो पाहुणासुद्धा.

आबा गुडघ्यांवर तसेच होते, हात पुढे. "दादा, पाय तर द्या की," ते म्हणाले आणि गुडघ्यानंच एक पाऊल पुढे सरकले.

दादा आणखी मागे सरले. मागे खुर्ची होती, तिला अडखळले, सावरले, जीपमध्ये जाऊन बसले. आबा शांतपणे उठले, गुडघ्यांची माती झाडली, टोपी घातली. त्या वर्षी नारळ काही मिळाला नाही.

*

त्याची झळ बसायची ती बसली. कारखान्याची छपाई गेली, फलक गेले. उपळेकरकाकांना दोन माणसं कमी करावी लागली आणि ते त्यांना कायम सलत राहिलं. आबांनी दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या. आम्ही कोरडी भाकरी खाल्ली, पण ताठ बसून खाल्ली. दादा पुढे कितीतरी वर्षं चेअरमन राहिले, त्यांची सत्ता काही आमच्या अंकानं गेली नाही. पण कुणी समोर वाकलं की ते पाय खुर्चीखाली घ्यायचे आणि लांबूनच म्हणायचे, "असू दे, असू दे." तरीही कुठूनतरी कुणीतरी हळूच तिकीट विचारायचंच. हळूहळू लोकांनी वाकायचंच सोडून दिलं. गगनराव आणखी बरीच वर्षं उडला.

त्या दिवशी मैदानावरून घरी येताना आबा माझ्यापुढे चालत होते, नेहमीपेक्षा भरभर. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना.

"आबा, खरं सांगा. तुम्ही खरंच पाया पडत होता, की..."

आबा थांबले. खोकले. मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मी आधी कधी पाहिला नव्हता असा एक खट्याळपणा होता.

"त्येंनी हुबं ऱ्हायाला पायजे हुतं," ते म्हणाले. "म्हंजे मला बी कळलं असतं."